गंगेत सोडलेली चिठ्ठी

शहात्तराव्या वर्षी मी काशी सोडली. या वयात माणसं काशीला येतात. गल्लीत गाडी शिरत नाही आणि माझे गुडघे चढण चढू देत नाहीत, म्हणून दोघांनी मला खुर्चीसकट खांद्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत नेलं. आमच्या गल्लीतून माणूस खांद्यावरून निघाला की तो मणिकर्णिकेकडे, स्मशानात जातो. मला उलट्या दिशेला चाललेला पाहून पानवाला म्हणाला, "मास्टर साहब, लोग मरने के लिए काशी आते हैं, और आप चल दिए पूना!" सगळे हसले, मीही हसलो. मागून माझ्या औषधांची पिशवी घेऊन सून वैशाली येत होती. ती हसली नाही.

माझी नात मुक्ता पुण्याला एम.एस्सी. करते. पहिल्याच वर्षी तिला टायफॉइड झाला, सोबतची मुलगी खोली सोडून गेली. वैशालीची शाळेतली नोकरी, माझ्या मुलाची, श्रीकांतची, बँक. मी म्हणालो, मी जातो, खिचडी तरी करून घालीन. म्हातारा नातीसाठी काशी सोडतोय, याचं गल्लीला फार कौतुक वाटलं. ते कौतुक मी गप्प राहून घेतलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते काशीतल्या आपल्या मराठी मंडळींना, आणि तिथून माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही सांगायचं म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरात महाराष्ट्राला 'देश' म्हणतात. पाहुणे देशावरून येत, मुली देशावर द्यायच्या, चांगली हळद देशावरची. शिंदे घाटाजवळच्या त्या घरात आमच्या पाच पिढ्या गेल्या, देशावर आमचं एकही दार उघडं उरलं नाही, तरी शब्द टिकला. पंचवीस वर्षांचाही नव्हतो तेव्हा मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वडील म्हणाले, "देशावर आता आपलं कोण आहे? कोणाच्या दारात उभा राहशील?" मी राहिलो. तिथेच शिकलो, इंटर कॉलेजात चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, बेडूक फाडून दाखवले. रोज संध्याकाळी घाटावर बसायचो आणि पुण्याचा विचार करायचो. इतकं सुंदर पुणे पुणेकरांनीही पाहिलं नसेल.

मुक्ताला हे वेड नव्हतं. तिला पाण्यातले किडे आवडायचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ती घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरून चिखल आणायची, पांढऱ्या ताटलीत पसरायची आणि चिमट्याने एकेक अळी उचलून बाटलीत टाकायची. कोणता किडा टिकला यावरून पाणी किती बिघडलं ते कळतं, असं ती मला समजावत असे. वैशाली ओरडायची, "ये ताटली रसोई की है, मुक्ता! यात मी उद्या कणीक मळायची का?" आणि मग स्वतःच दुसरी ताटली आणून द्यायची.

एम.एस्सी.साठी तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक गावातल्याच विद्यापीठात प्राणिशास्त्राला, दुसरी पुण्यातल्या एका संस्थेत, पेशींच्या अभ्यासाला. तिने कागदावर तक्ता आखला: विषय, मार्गदर्शक, नदीवरचं काम, वसतिगृह, पुढची नोकरी. तो तक्ता मी पाहिला होता. गावातल्या रकान्यात खुणा जास्त होत्या. तिथल्या एका बाईंनी तिला नदीच्या कामात घ्यायचं कबूलही केलं होतं. हे मला माहीत होतं. म्हणून पुढे जे केलं ते अजाणता झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

जागा पक्की करायची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. श्रीकांत म्हणत होता पुणे, वैशाली म्हणत होती घरीच राहा. सकाळपासून दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होते. शेवटी मुक्ता माझ्याकडे आली. म्हणाली, "आजोबा, चिठ्ठ्या टाका. अर्धी-अर्धी प्रोबॅबिलिटी आहे, म्हणजे कोणावर अन्याय नाही."

चिठ्ठ्यांची आमच्या घरची रीत अशी: घरातल्या वडीलधाऱ्याने दोन सारखे कागद घेऊन लिहायचं, चौघडी घालायची, गणपतीपुढे वाटीत ठेवायच्या. ज्याचा प्रश्न त्याने डोळे मिटून एक उचलायची. दुसरी उघडायची नाही. देवाने जे नको म्हटलं ते वाचू नये, म्हणून ती निर्माल्याबरोबर तशीच गंगेत जाते.

पहिल्या कागदावर मी 'पुणे' लिहिलं. दुसऱ्यावर 'काशी' लिहायला पेन टेकवलं. आणि 'पुणे' लिहिलं. त्यात ठरवून केल्यासारखं काही नव्हतं, हात सरळ चालला. कागद दुमडेपर्यंत मला तो फाडता आला असता. मी दुमडला. मुक्ताने एक उचलली, वाचली, क्षणभर चेहरा पडला, मग म्हणाली, "चला, झालं." वैशालीने देवाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. दुसरी चिठ्ठी मी स्वतः पायऱ्या उतरून गंगेत सोडली. आता गुडघे धरतात ते तेव्हा कसे चालले, नवल वाटतं.

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. देवाने मुक्ताला पुण्याला धाडलं, ही गोष्ट गल्लीत पसरली. लोक मुलांचे प्रश्न घेऊन माझ्याकडे यायला लागले. कोट्याच्या क्लासला की घरीच, इंजिनीअरिंग की बी.एस्सी., एका घरी तर दोन स्थळं. मी चिठ्ठ्या टाकत गेलो. ज्यांनी माझ्या हातून चिठ्ठ्या घेतल्या त्यांना सांगतो: तुमच्या वाटीत दोन वेगळी नावं होती. खोटी वाटी एकच, माझ्या स्वतःच्या घरातली.

आता पुणे. नातीच्या आजाराचं निमित्त झालं आणि जन्मभर हवं होतं ते मला मिळालं. चौथा मजला, लिफ्ट, दोन खोल्या. खाली भाजीवाल्याकडे मी धनिया मागतो, तो विचारतो, काका, यूपीचे का? मी म्हणतो, नाही, मराठीच. तो हसून कोथिंबीर देतो. ज्या देशासाठी मी नातीला फसवलं, त्या देशात मी यूपीचा आहे. बसवत नाही. गॅलरीतून खोलीत, खोलीतून गॅलरीत. नदी पाहायला एकदा रिक्षाने गेलो, पुलावर उभा राहिलो आणि पाण्यात कोणते किडे असतील असा विचार मनात आला, तसा परत फिरलो. मुक्ता सकाळी प्रयोगशाळेत जाते, संध्याकाळी येते. दिवसभर काय केलंस विचारलं तर म्हणते, "एका नळीतलं पारदर्शक पाणी दुसऱ्या नळीत घातलं, आजोबा. जिवंत काही दिसलं नाही." तक्रार नसते. ती देवाचं ठरलेलं निभावत होती, आणि मला तेच ऐकवत नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी गल्लीतल्या शेजाऱ्याचा फोन आला. मुलाला एम.एस्सी.च्या दोन जागा मिळाल्यात, फोनवरूनच चिठ्ठी टाकून द्या म्हणाला. मुक्ता चहा गाळत होती. म्हणाली, "टाका ना आजोबा. तुमच्या हाताला गुण आहे."

मी शेजाऱ्याला म्हणालो, मुलालाच विचार. फोन ठेवला आणि तिला सगळं सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, "दोन्हींवर?"

"दोन्हींवर."

तिने गाळलेला चहा माझ्यापुढे ठेवला, स्वतःचा ओतून टाकला आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत निघून गेली. तीन दिवस 'औषध घेतलंत?' याखेरीज बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "आईने त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावलेला नाही. बाबा लावतात. तुम्हांला वाटलं तिला शाळेची घाई असते?"

मला तसंच वाटलं होतं. एका घरात राहून.

"तिला सांगा," मुक्ता म्हणाली. "आणि गल्लीलाही. फोनवर नाही, तुम्ही फोनवर रडाल आणि ती तुम्हांला माफ करून टाकेल. लिहा."

वैशाली, म्हणून लिहितो आहे. तुझ्या मुलीला देवाने नेलं नाही. मी नेलं. तुझं भांडण माझ्याशी आहे, ते माझ्याशी कर. दिवा लावावास म्हणून हे सांगत नाही, ते तुझं तू बघ. तुझी मुलगी बरी आहे, जेवते नीट. माझ्यावर रागावली आहे आणि तरी वेळेवर औषध देते, हे तुझ्याकडूनच आलेलं.

शेवटच्या सत्रात तिला सहा महिने बाहेर कुठेतरी काम करता येतं. काल मी तिला जन्मात पहिल्यांदा विचारलं, तुला कुठे जायचंय? "ठरवते आहे," म्हणाली. "ठरलं की सांगीन. आईला आधी."

आज अर्जाचा शेवटचा दिवस आहे. ती आतल्या खोलीत दार लावून बसली आहे, संगणकाची बटणं वाजतात आणि थांबतात. घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी आयुष्यभर पुणे म्हणायच्या बेतात होतो. इथे आल्यावर काशी म्हणू लागलो. आज विचारलंत तर उत्तर या बंद दारापलीकडे ठरतं आहे, मला ते सांगता येणार नाही. उठून ते ढकलावं, नदीचं काम घे म्हणावं, काशीच्या विद्यापीठातल्या तुझ्या त्या बाईंना मी पत्र लिहितो म्हणावं, असं सकाळपासून दहादा वाटलं. दोनदा उठलोही. परत येऊन बसलो आहे.