दोघांत एकच नाव

माझ्या साडूनं मला फसवलं. मी लिहिलेला प्रोग्राम त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि ते कामही माझ्याच हातून करून घेतलं.

वारंगा फाट्यावर माझं टायपिंगचं दुकान. बाप शेळ्या राखायचा. मी एसटीडी बूथपासून सुरुवात केली. पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकलो आणि आडत दुकानांसाठी हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारा प्रोग्राम लिहिला. वजन टाकलं की हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात छापील कागद. कळमनुरीच्या आडत्यांनी तो घेतला. साडू नांदेडला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. बोलायला गोड, म्हणून गिऱ्हाइकं आणायचं काम त्याच्याकडं.

माझ्या मशीनवर ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘खरं नवीन’ अशी फोल्डरांची गर्दी झाली होती. एका आडत्याकडं मी चुकून जुनाच प्रोग्राम बसवून आलो आणि ऐन बाजाराच्या दिवशी तोलाई दोनदा कापली गेली. शेतकऱ्यांनी मला आडतीतच अडवून धरलं. त्यानंतर साडू म्हणाला, "सबव्हर्जन म्हणून एक चीज हाय, भाऊ. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं जपून ठेवते. पाहिजे तेव्हा जुनं परत काढा."

"केवढ्याला?"

"फुकट. ओपन सोर्स हाय."

इथंच मी मेलो. त्यानं भाव सांगितला असता तर मी त्याला तासभर बसवून ठेवलं असतं. ठेवणार कुठं, किल्ली कोणाकडं, भांडण झालं तर काय, सगळं खोदून विचारलं असतं. मी दोरी घेतानासुद्धा ओढून पाहतो. फुकट म्हटल्यावर भाव करायला काही उरलं नाही, मग विचारायलाही उरलं नाही.

त्यानं ते नांदेडच्या मशीनवर बसवलं आणि मला एक नाव, एक पासवर्ड दिला. नाव त्याचंच.

"माझं येगळं काहून न्हाई?"

"दुकान एक, तर नावं दोन कशाला? आडतीवर वजन मुनीम करतो, पट्टी मुनीम लिहितो. खाली नाव शेठचंच राहते ना?"

बराबर वाटलं. बाजारात आम्ही तेच पाहत मोठे झालो होतो.

मग फोनच्या लाइनीवरून नेट जोडून मी काम चढवू लागलो. कमिट करताना, म्हणजे बदल चढवून नोंदवताना, काय बदललं ते लिहायला जागा असते. लाइन कधी तुटेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ती कोरीच सोडायचो. चीज मात्र खरंच चांगली होती. एकदा चुकून तोलाईचा भाग उडवला, तर कालचा जसाच्या तसा परत आला. मी साडूला फोन करून शाबासकी दिली.

पुढं मी म्हटलं, आडत्यांशी करार दोघांच्या नावानं करू. त्यानं आडत्यांना आणि मला नांदेडला बोलावलं आणि सबव्हर्जनमधल्या नोंदी उघडून दाखवल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत बदल करणारा एकच, तो. एक म्हातारा आडत्या माझ्याकडं वळला. "मंग तुमी इतके दिवस काय करून राहिले होते?"

तेव्हापासून अडकलो आहे. प्रोग्राम अडला की आडते फाट्यावर मलाच गाठतात, नांदेड लांब पडतं. हळद उतरवून शेतकरी उभा असतो, नाही कसं म्हणणार? दुरुस्ती सगळ्यांकडं पोचवायची तर नांदेडच्या मशीनवरच चढवावी लागते, आणि चढली की त्याच्या नावावर आणखी एक नोंद. माझ्याकडची प्रत घेऊन वेगळा झालो तर चोर मीच. पासवर्ड त्यानं अजून बदललेला नाही. बदलेल कशाला?

मध्यंतरी पुस्तकात वाचलं, ज्याच्या मशीनवर हे बसवलेलं असतं त्याला जुन्या नोंदीवरचं नाव दुरुस्त करता येतं. साडूला विचारलं तर म्हणाला, "एकदा चढलं ते चढलं, भाऊ. ते बदलतच न्हाई." हा माणूस पोरांना कॉम्प्युटर शिकवतो.

साडूभाऊ, नाव बदलता येतं आणि तुम्हाला ते माहीत आहे. मग येत नाही असं काहून सांगितलं? घरात, जेवणाच्या पाटावर बसून दिलेलं उत्तर मला नको. बाजाराच्या दिवशी कळमनुरीला या आणि त्याच आडत्यांसमोर सांगा, हा प्रोग्राम कोणी लिहिला.