विहिरीवरची अंघोळ

शाळा सुटल्यावर मी घोलवडच्या एका चिकूच्या वाडीवर चहाला थांबायचो. वाडीच्या शेठना जुन्या इंग्रजी रॉकचं वेड होतं. शेडमध्ये बाया चिकू निवडत बसायच्या आणि वर टांगलेल्या स्पीकरमधून गिटार किंचाळत असायची. "आपला ड्रमवाला थकला हो, मास्तर. हात कापतात त्याचे," असं शेठ सांगायचे, जणू तो शेजारच्या नरपड गावातच राहतो.

त्या वर्षांत हे म्हातारे कलाकार एकामागून एक जायला लागले. मोबाइलवर बातमी आली की शेठ स्पीकर बंद करायचे आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ करून यायचे. लांबचा नातेवाईक गेल्यावर करतात, तशी. मला सुरुवातीला हसू यायचं.

त्यांच्या लाडक्या बँडचा गायक मात्र कायम त्यांच्या शिव्यांचा धनी होता. "यानेच बँड फोडला. पैसा दिसला नि एकटा निघाला." त्याचं स्वतंत्र गाणं त्यांनी कधी शेडमध्ये वाजू दिलं नाही.

एका दुपारी तो गायक गेल्याचं मीच मोबाइलवर वाचलं. आज शेठ पेढे मागवतात की काय, असं मनाशी म्हणत वाडीवर गेलो. स्पीकर बंद होता. शेठ ओलं डोकं पुसत विहिरीकडून येत होते.

"याच्यासाठीपण?" मी विचारलं.

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"बोलणं बंद असलं म्हणून भावकीचं सुतक सुटतं का, मास्तर?"