बाबांची कॅसेट ऐकू आली नाही तेव्हा

आर्वीच्या डेपोत नागपूरची गाडी लागली तेव्हा बाबा माझ्याआधी आत चढले. खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून उतरले, मग मला चढवलं. आई घरीच थांबली होती; तिला चारचौघांत रडायचं नव्हतं. बाबा खिडकीखाली उभे राहून बोलतच राहिले. पाणी पीत जाजो, उलटून बोलू नको, पासपोर्ट सांभाळजो. गाडी हलली तशी ओरडले, "पोहोचली की सांगजो. नाई पोहोचली तरी सांगजो." अर्धी गाडी हसली, मीही हसले. नववीतून शाळा सुटलेली मी मस्कतला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला निघाले होते.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दोघांनाही एक ठाऊक आहे. दूरच्या माणसाला घरचे खरं सांगत नाहीत. बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन सावंगीच्या दवाखान्यात झालं, ते मला टाके निघाल्यावर कळलं. तोवर आई रोज म्हणायची, "सगळं बरं हाय बाई." डॉक्टरांनी बाबांना वाचवलं, त्यांचे उपकार जन्मभर आहेत. पण आवाज गेला. भाजीच्या वाफ्यात उभं राहून पलीकडच्या वावरातल्या माणसाशी गप्पा मारणारा माणूस तो. खंजिरी घेऊन पार गिरडपर्यंत भजनं म्हणायला जायचे. आता आईने फोन समोर धरला की उठून जायचे.

माझा भाऊ गजू मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. त्याने जुना टेप वायरने घरच्या कॉम्प्युटरला जोडला आणि बाबा तिकडे लावतील ते त्याच वेळी मला इथे ऐकू येईल, अशी सोय केली. जेवण झालं की बाबा आपल्याच भजनांची एक कॅसेट निवडायचे. कोणती निवडली, त्यावरून मला त्यांचा दिवस कसा आहे ते कळायचं. मी इथे मस्कतच्या आजींच्या गोळ्या काढता काढता एका कानाने बाबांचा जुना आवाज ऐकायची. आम्हा दोघांचं बोलणं एवढंच उरलं होतं.

मग एका दुपारी काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईला फोन केला. "सगळं बरं हाय बाई." तेच शब्द, तोच सूर. बाबांना दाखव म्हटलं तर म्हणे वावरात गेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणे थकून झोपले. गजूने व्हिडिओवर दाखवलेले बाबा अंगणात दोन फेऱ्या मारून धापा टाकत होते. ते आणि वावरात? परत दवाखान्यात नेलंय आणि मला सांगत नाहीत, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. गजूही आईचीच री ओढू लागला तेव्हा तर खात्रीच पटली.

गजूच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही फोनवर बिघाड शोधायला बसलो. शेजारच्या घरी काम करणारी बिन्सी माझ्यासोबत होती. केरळची नर्स, तिने आपल्या घरी अशीच सोय केलेली. मला इंग्रजी पान पाहिलं की घाम फुटतो. ती हिंदीतून एकेक विचारत गेली. घरच्या वायफायवर गजूच्या मोबाइलमध्ये भजन वाजतं का? वाजतं. वायफाय बंद करून सिमच्या नेटवर? नाही वाजत. म्हणजे टेप ठीक, कॉम्प्युटर ठीक. बाहेरून येणाराच राउटरपाशी अडतोय.

राउटर म्हणजे डेपोतली चौकशीची खिडकी, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. बाहेरून आलेल्याला तो सांगतो, अमुक नंबरच्या फलाटावर जा. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात ते हेच. गजूने राउटरचं पान उघडलं. तिथे कॉम्प्युटरचा म्हणून लिहून ठेवलेल्या नंबरावर आता टीव्ही बसला होता. कॉम्प्युटरला दुसराच नंबर मिळाला होता. राउटर बंद करून चालू केला की असं होतं, बिन्सी म्हणाली. पण बंद कोण करतं?

आई तिकडे भाकर बांधत होती. तिथूनच बोलली. "मीच करतो बटन बंद. घरात माणूस नाई, ते डबडं कायले चालू ठेवा?"

"बाबा असतात ना घरी," मी म्हणाले.

"थे कुठले आता घरात बसतेत? तुले सांगतलं ना, टमाट्याले पाणी देऊन राह्यले म्हून. मी भाकर घेऊन जातो, त बटन बंद करतो." मग फडक्याची गाठ मारत, "आल्यावर लावतेत ना थे कॅसेट रोज. मले वाटलं, तू ऐकून राह्यली."

ऑपरेशननंतर घरात कायम कोणीतरी असायचं, म्हणून ते डबडं कधी बंदच झालं नव्हतं. बाबा उठून वावरात जायला लागले, म्हणून माझ्या कानात शांतता आली होती. आणि वावरातून येऊन ते रोज कॅसेट लावत होते, ऐकणारं कोणी नसताना.

गजूने कॉम्प्युटरचा नंबर राउटरमध्ये पक्का करून टाकला, म्हणजे बंद-चालू झालं तरी तो बदलणार नाही. आईला बटन बंद करू नको म्हणून सांगणार होता, मी सांगू दिलं नाही. करू दे बंद.

घर म्हणजे बाबांचा आवाज पोहोचेल तेवढी जागा, असं मला आधी वाटायचं. आता आवाज कॅसेटमध्ये आहे आणि बाबा वावरात आहेत. कधी भजन लागतं, कधी उशिरा लागतं, कधी नाहीच. भीती जात नाही, माझा स्वभावच तसा. पण आईचं खरं मानायला शिकते आहे. आजच्या गोळ्या देऊन झाल्या, आजींचा डोळा लागला. कानात अजून काही वाजलेलं नाही. टमाट्याचं पाणी चालू असेल.