गोदूबाईंचा हवालदार

गोदूबाईंना माणसं हसवता येतात, हे पनवेलात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? नवव्या वर्षी विधवा झालेली बाई. दिराच्या घरी पापड लाटायचे आणि चार माणसं जमली की आत जाऊन बसायचं. आमच्या महिला मंडळात त्या पडदा ओढायला यायच्या, एवढंच.

त्रेचाळीस साली, लढाई चालू असताना, जवानांच्या मदतीसाठी मी एक प्रहसन लिहिलं. मी शाळेतली बाई, आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं. हवालदार दहा दिवसांच्या रजेवर येतो, त्यातले आठ रॉकेलच्या रांगेत काढतो आणि वैतागून पुन्हा लढाईवर पळतो, अशी गोष्ट. नाटकात सगळ्या बायका, बघायलाही बायकाच. दिव्यांना रॉकेल कुठलं, म्हणून खेळ दुपारी तीनला.

हवालदार हौसा करणार होती. तिचा नवरा खरोखरच पलटणीत. रंगीत तालमीला मी म्हटलं, "कुंकू पूस, मिशी लावते." ती उसळलीच. "कपाल पुसू? तो तिकडं लढाईत हाय नि मी कपाल पुसू? नाय व्हायचं, बाई!" खेळ दोन दिवसांवर. माझं डोकं फिरलं, मी तिला नाही नाही ते बोलले.

तेवढ्यात पडद्यामागून गोदूबाई म्हणाल्या, "मी करू का? माझं कपाळ मोकळंच आहे."

नाटक ऐकून ऐकून त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या जाऊबाई, गंगाबाई, हो म्हणाल्या, पण बजावून: "विधवेला न शोभेल असं काही केलंस, तर घराची पायरी चढायची नाही."

आणि काय सांगू! पोट पुढे काढून ती बाई रांगेत नुसती या पायावरून त्या पायावर आली, तरी बायका हसून लोळत होत्या.

शेवटच्या प्रवेशात हवालदार निघतो आणि बायको त्याला ओवाळते. बायकोचं काम आता मी हौसाला दिलं होतं. तालमीत आम्ही तबकाऐवजी पाटी धरायचो. खेळाला खरं तबक आलं, खरं कुंकू आलं. मोहिमेवर निघालेल्याला कुंकू लावतात, मी लिहून मोकळी झाले होते. ते कुणाच्या कपाळी लागणार, हे माझ्या टाळक्यातच शिरलं नव्हतं. हौसाचं बोट कुंकवात थांबलं. पहिल्या रांगेत गंगाबाई अर्ध्या उठल्या.

गोदूबाईंनी एकदा जावेकडे पाहिलं, मग पोट पुढे काढलं. "अगं, लाव की! मोटार चुकली तर परत रॉकेलच्या रांगेत उभा करशील मला!"

हशा फुटला. हौसानं कुंकू लावलं. गंगाबाईही हसल्या, नंतर त्यांनी ते कबूल केलं नाही, ते सोडा.

आत आल्यावर गोदूबाईंनी मिशी काढली, कोट उतरवला आणि आरसा घेतला. बराच वेळ बघत होत्या.

"कशी दिसते मी?"

"छान दिसता," मी म्हटलं. मला रडूच यायला लागलं.

बाहेरून गंगाबाईंची हाक आली, "गोदे, चल घरी."

गोदूबाईंनी आपला पदर माझ्यापुढे धरला. "तुम्हीच पुसा. मला पुसता येत नाही. तेव्हा दुसऱ्यांनीच पुसलं होतं."

मी पुसलं. कोरड्या पदरानं निघेना, म्हणून खोबरेल लावून पुन्हा पुसलं.