दुपारी दोनला घरी कोण असतंय?

तीन आठवड्यांपूर्वी काकूंचा फोन आला. "हे गेले गं... आणि राणी दारातनं हलंना." राणी म्हणजे त्यांची कुत्री, आणि गेले ते काकूंचे यजमान सदाकाका, मूळचे साताऱ्याचे. आयुष्यभर एपीएमसी मार्केटात कांद्याचा व्यापार केला, आणि वाशीच्या घरी लॅब्रॅडॉर कुत्र्यांची पैदास. दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लं, तीही मागेल त्याला नाहीत. मला तर चार वर्षांपूर्वी तोंडावर नाही म्हणाले होते.

पिल्लू बघायला मी जायचं, तर तेच कामोठ्याला माझं तळमजल्यावरचं घर बघायला आले, मुलीसाठी स्थळ बघायला यावं तसे. चहाला हात लावला नाही. चपला काढून हॉलच्या लादीवर पाय घासून बघितला. "लय गुळगुळीत हाय. पिल्लू घसरतंय, खुबा बिघडतोय." मग विचारलं, "दुपारी दोनला घरी कोण असतंय?" मी बँकेत नोकरीला. म्हटलं, कुलूप असतं. "मग नाय जमणार, ताई." उठले आणि गेले. असा संताप झाला माझा... हा माणूस स्वतःला समजतो कोण?

पण दोनच का? बारा का नाहीत? हा भुंगा डोक्यातून जाईना. महिन्याभराने तेवढंच विचारायला मी वाशीला गेले. काका म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ समद्यांनाच हौस असतीय. कुत्रं खरं कुणाचं, ते दुपारी कळतंय." तेवढ्यात मागचा पाय ओढत राणी आली. अपघात झाला का, मी विचारलं. "नाय, माझी चूक. आईबाप देखणे, चाल ताठ. जोडी लावायच्या आधी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढायचा असतोय, खुब्यातला दोष पिल्लांत उतरतोय. राहून गेला नाही ताई, मी काढला नाही." त्या वेतातली पिल्लं ज्यांना दिली, त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन करून ही चूक सांगितली होती. राणीच्या आईला पुन्हा पिल्लं होऊ दिली नाहीत, आणि राणीला कुणाला दिलं नाही. माझा राग तिथेच गेला. मग मी अधूनमधून जातच राहिले, नवनवे प्रश्न घेऊन.

तेराव्यानंतर काकू मुलीकडे राहायला निघाल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, राणीला जिना चढवत नाही. नऊ वर्षांची लंगडी कुत्री आता कोण घेणार? काकूंनी काकांची वही काढली. प्रत्येक पिल्लापुढे त्याचं घर लिहिलेलं. राणीपुढची जागा वर्षानुवर्षं कोरी होती, म्हणाल्या. आता तिथे थरथरत्या अक्षरात माझं नाव होतं. "खरं बोलली. आता रिटायर. दुपारी घरी असते. लादीचं बघणे." निवृत्त झाल्याचं मी त्यांना फोनवर सहज सांगितलं होतं... मी काकूंसमोरच रडले.

लादीचंही त्यांनीच बघून ठेवलं होतं. खाटेखाली कांद्याच्या गोण्या उसवून, धुऊन, एकाला एक शिवलेलं लांबलचक गोणपाट होतं. ते आता माझ्या हॉलभर अंथरलंय. धुतलं तरी कांद्याचा वास येतोच. राणी अजून दाराकडे तोंड करून झोपते, पण गोणपाट सोडत नाही. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, काका. मी घरी आहे.