दाराकडच्या खुणा

दुर्वा चौथ्यांदा चुकली तेव्हा मी मृदंगावरचा हात काढून घेतला. रिंगण थांबलं. बाकीच्या सात जणींनी दुर्वाकडे बघितलं आणि दुर्वाने दाराकडे.

मांडवीजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी संगीत शिकवतो. त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आम्ही जाखडी उतरवणार होतो. जाखडी हा आमच्याकडचा गौरी-गणपतीतला नाच. मधे गाणारा, मृदंगवाला आणि झांजवाला बसतात, भोवती नाचणारे रिंगण धरतात. प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ. एकीचा पाय उशिरा पडला की तो सगळ्या हॉलला ऐकू येतो. गर्दीत लपायची सोय नाही.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, प्रॅक्टिस बघायला आल्या. दुर्वाला, त्या तिसरीतल्या मुलीला, बदलायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तालाला कच्ची आहे, चार दिवस द्या. हे चार दिवस मी दुर्वासाठी मागितले नव्हते. तिच्या जागी दुसरी मुलगी तयार करायला तेवढे लागणार होते. आज हे सांगताना बरं वाटत नाही.

तरी एक गोष्ट खटकत होती. तालाला कच्चं मूल साधारण ठरलेल्या जागी चुकतं. ओळ संपताना किंवा लय वाढली की. दुर्वा गाण्यात कुठेही चुकायची. मग मी गाणं सोडलं आणि जमीन धरली. ती चुकली की त्या जागी खडूने फुली मारायची, असं सुरू केलं. तीन दिवसांनी बघतो तर सगळ्या फुल्या दाराकडच्या बाजूला. पहिला संशय फरशीवर. शिपायाकडून ती दोनदा पुसून घेतली. फुल्या पुसल्या गेल्या, चूक राहिली.

चौथ्या दिवशी मी वाजवता वाजवता दाराकडे बघितलं. तिथे दुर्वाची आई, मानसी, उभी होती. रोजच असायची. हात कमरेच्या उंचीवर धरून ती हळूच सगळा नाच करत होती. आता वळ, आता टाळी, आता मागे. दुर्वाचे डोळे तिच्यावर. रिंगण फिरत फिरत दुर्वा दाराजवळ आली की दाराकडे तिची पाठ व्हायची. आई दिसेनाशी झाली की पाय चुकायचा.

म्हणजे मुलगी तालाला कच्ची नव्हती. तिने ताल कधी ऐकलाच नव्हता. ताल ही कानाची वस्तू, ती डोळ्यांनी उतरवून घेत होती, आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. वर्गशिक्षिकेला विचारलं तर त्या म्हणाल्या, गणिताचं उत्तर बरोबर लिहिते, पण मी मान हलवली नाही तर खोडून टाकते. आठवड्याला एक खोडरबर लागतो.

मी दार लावून घेतलं. सोपा उपाय. दुर्वा रिंगणात नुसती उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पाय जागच्या जागी. उपाय माझ्याच अंगाशी आला.

संध्याकाळी मानसीला थांबवून घेतलं. तुम्ही दाखवू नका, एवढंच म्हणालो.

"मग ती चुकते ओ सर."

"चुकू दे."

"तुम्हाला बोलायला काय जातंय. तिचे बाबा जहाजावर. घरात मी एकटी. पोर कुठं चुकली की फोनवर पहिला प्रश्न मलाच, तुझं लक्ष कुठं होतं?"

नाचातली चूक दुर्वाची होती, पण परीक्षा त्या बाईची चालली होती.

योगायोगाने त्याच आठवड्यात आमचे झांज वाजवणारे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामाला गेले. सरकारी कामाला कोण नाही म्हणणार? साथीला मोठी माणसं चालतील, असं स्पर्धेच्या नियमात होतं. मी झांज मानसीच्या हातात दिली आणि तिला रिंगणाच्या मधे, माझ्यासमोर बसवलं. सांगितलं, माझ्या हाताकडे बघायचं, पोरीकडे नाही.

आता आई दुर्वाला जवळून दिसत होती, पण आईचे हात झांजेत अडकलेले. पहिले दोन दिवस दोघींचा आनंदीआनंद. दुर्वा खुणा शोधायची, त्या मिळत नव्हत्या. मानसीला वाजवणं सोपं वाटलं होतं, ते नव्हतं. ती धावायची. गडबडली की आणखी धावायची. मोठ्या बाई दारातूनच परत गेल्या. तिसऱ्या दिवशी दुर्वा आईच्या मागून जाताना पाय जरा जोरात आपटायला लागली. मला वाटलं खोडी करतेय. विश्रांतीत ती आईजवळ येऊन बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "आई, बघू नको. चाळ ऐक."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. मला फार आनंद झाला होता आणि तो पोरांना दाखवायची मला सवय नाही. मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, मुलगी बदलायची नाही.

स्पर्धेत पहिली दोन कडवी ठीक गेली. शेवटी लय वाढते, तिथे मानसीची झांज सुटली. हात हवेतच थांबले. तिने मान वर करून पोरीला शोधलं, पण दुर्वा तेव्हा नेमकी तिच्या पाठीमागे होती. एक अख्खी ओळ झांजेशिवाय गेली. मागे दुर्वाचा चाळ वाजत होता, एकसारखा. मानसीने डोळे मिटले, ऐकलं, आणि पुढच्या ओळीला बरोबर शिरली. दुर्वाचा पाय एकदाही चुकला नाही. आईकडे तिने बघितलंही नाही.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांनी शेरा लिहिला होता, नाच एकसंध, झांज मधेच सुटली.

आम्ही बाहेर चप्पल घालत असतानाच जहाजावरून दुर्वाच्या बाबांचा फोन आला. मानसीने स्पीकर लावला होता. पलीकडून विचारलं, "कुठं चुकली का गो ती?"

मानसी म्हणाली, "ती नाय चुकली. मी चुकले."

मग त्यांनी दुर्वाला फोन द्यायला सांगितला.

जाखडीने मुलांचं गणित सुधारतं, असा दावा मी करणार नाही. दुर्वाला खोडरबर अजून लागतो, आठवड्याला एक मात्र लागत नाही. हॉलचं दार आता मी उघडंच ठेवतो. दारात उभं राहून मुलाला स्टेप दाखवणाऱ्या पालकांना आत बोलावतो आणि हातात झांज देतो. मानसी अजून येते. बाकीचे फाटकाशी थांबतात.