नारळाखालची उत्तरपत्रिका

दहावीच्या परीक्षेचे गठ्ठे बांधताना मी आजवर जेवढा सुतळी-दोरा संपवला, तो सलग सोडला तर मंडणगडला एक गाठ मारून राजापूरला दुसरी मारता येईल आणि उरलेल्यात पूर्णगडच्या सगळ्या होड्या बांधून होतील. हे मी शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो. पहिल्या वर्षी त्यांना ते खरं वाटतं. दुसऱ्या वर्षी ते मला थापाड्या म्हणतात. तिसऱ्या वर्षी तेच पुढच्या नव्या शिक्षकाला सुतळीची लांबी सांगत असतात, आणि माझ्यापेक्षा दोन तालुके जास्त सांगतात.

मी पूर्णगडच्या बाजूच्या एका शाळेत लिपिक. मार्च आला की आमची शाळा परीक्षा केंद्र होते आणि मी लिपिकाचा दुसराच कोणीतरी होतो. बैठक क्रमांक टाकणं, कोऱ्या उत्तरपत्रिका मोजून देणं, लिहिलेल्या मोजून घेणं, गठ्ठे शिवणं, लाखेचं सील मारणं आणि ते रत्नागिरीच्या परिरक्षक केंद्रावर पाठवणं, म्हणजे जिथे तालुक्याच्या उत्तरपत्रिका एकत्र होऊन पुढे तपासायला जातात तिथे. या सगळ्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही असं मी मानत होतो. पंचवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी न बघता मोजायचो. कोपरा अंगठ्याखाली धरायचा, फर्रकन सोडायचा, झालं. एकदा पैज लावून डोळ्यांना रुमाल बांधून मोजला होता, आणि वर त्यातली सातवी डावखुऱ्या मुलाची आहे हेही सांगितलं होतं. डावखुऱ्याचं सोडा. न बघता मोजायचो हे मात्र खरं, आणि तेच नडलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पहिल्या पेपरच्या सकाळी आमचे शिपाईमामा ऑफिसातल्या गणपतीच्या फळीवर एक कोरी उत्तरपत्रिका ठेवतात. तिला कुंकू लावतात, वर नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. ते बोलतात आणि आम्ही मागे उभे राहून प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतो. शेवटचा पेपर झाला की नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं आणि ती उत्तरपत्रिका 'खराब' या रकान्यात दाखवून जमा करायची. कोऱ्या उत्तरपत्रिकेचाही जाब द्यावा लागतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. देवाच्या उत्तरपत्रिकेचा जाब दरवर्षी मी द्यायचो. कधी शाई सांडलेली असे, कधी उंदराने कुरतडलेली. उंदीर तर मी इतके दाखवले होते की वर कोणी बेरीज केली असती तर शाळाच बंद केली असती.

गेल्या मार्चमधली गोष्ट. बीजगणिताचा पेपर. त्या पेपरला एक मुलगी तिसऱ्यांदा बसली होती. तिची आई जेटीवर मासळी घेते आणि गावात विकते. मुलगी लिलावात आईच्या शेजारी उभी राहते आणि पाच टोपल्यांचा हिशोब तोंडी करते, पण पेपरात एक्स आणि वाय आले की तिचं डोकं बंद. आईने सांगितलं होतं, या वेळी नापास झालीस तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, टोपली उचलायची. मुलीला दहावीवर होणाऱ्या नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. फॉर्म भरताना मी धीर द्यायला तिला म्हटलं, "अगं, मी स्वतः गणितात सात वेळा गेलोय."

"गेल्या वेळी पाच सांगितलंत, भाऊसाहेब," ती म्हणाली आणि फॉर्मवर सही करून गेली.

पेपर सुटल्यावर ती ऑफिसच्या खिडकीशी आली. हातावर शाई, कपाळावर घाम. एवढंच म्हणाली, "या वेळी सुटले."

त्याच वेळी माझ्यासमोर टेबलावर तिच्या वर्गाच्या पंचवीस उत्तरपत्रिका होत्या. वीज गेलेली, पंखा बंद, म्हणून समुद्राकडची खिडकी उघडी. शिपाईमामांनी फळी पुसायला देवापुढचा नारळ खाली घेतलेला. आणि वारा आला. तो वारा किती मोठा होता हे मी पुढे पुष्कळांना पुष्कळ प्रकारांनी सांगितलं. पण खरं म्हणजे खिडकीतून येतो तेवढाच होता. टेबलावरच्या दहाबारा उत्तरपत्रिका उडाल्या, फळीवरची देवाचीही उडाली, आणि सगळ्या भिंतीशी जमिनीवर पडल्या. आम्ही दोघांनी उचलल्या. मामांनी एक उचलून नारळासकट फळीवर ठेवली. मी उरलेल्या जुळवल्या, कोपरा धरला, फर्रकन सोडला. पंचवीस. शिवलं, सील मारलं, गठ्ठा गाडीत गेला.

तीन वाजता रत्नागिरीहून परिरक्षक बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एकेक बैठक क्रमांक हजेरीपटाशी ताडून बघतात. बाईंचा आवाज कधीच चढत नाही, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते.

"तुमच्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका कोरी आहे. क्रमांक नाही, बारकोड नाही. आणि एक मुलगी हजर दाखवलीत, तिची उत्तरपत्रिका नाही. गाडी पाच वाजता सुटते. तोवर आली तर आली. नाही आली तर मी तसा अहवाल लिहिते."

त्यांनी क्रमांक सांगितला. खिडकीशी आलेल्या त्याच मुलीचा.

केंद्रसंचालक सर दुसऱ्या शाळेहून आलेले. त्यांनी ऐकलं, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि ते न पिता हातात धरून बसले. मी वर्ग पालथा घातला. बाकांखाली, फळ्यामागे, कचऱ्याच्या टोपलीत. मुतारीच्या पत्र्यावर चढलो. मैदानात एक बकरी काहीतरी चघळत होती, तिच्या तोंडात हात घातला. निघाली फणसाची पानं. ती बकरी अजून मला बघितलं की रस्ता बदलते. पाऊण तास मी या शाळेत अशा जागा शोधल्या की जिथे माणूस शोधत नाही, आणि एका जागी बघितलं नाही. एकेका कोपऱ्यातून रिकाम्या हाताने उठताना मला तिची ती टोपली दिसत होती.

पावणेचारला मामा ऑफिसच्या दारात आले. त्यांचा चष्मा दोन दिवसांपूर्वी मोडला होता, हे मला तेव्हा आठवलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "देवाच्या पेपरवर कोणी गणिता केलीत?"

मी नारळ उचलला. खाली मुलीची उत्तरपत्रिका. क्रमांक, बारकोड, सगळं जागच्या जागी. आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ताज्या कुंकवाचा ठसठशीत टिळा.

"ह्या कुकू कधी लावलंत?"

"वाऱ्यान पडली तेव्हा. मना वाटला जुना पुसला. म्हणून नवा लावला." ते फळीला टेकून उभे राहिले. "म्या तिचा वाटोळा केला काय?"

ज्याने परीक्षेचं काम केलंय त्याला ते कुंकू काय आहे ते कळतं. उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव, ओम, कसलीही खूण दिसली की तो परीक्षार्थीचा गैरप्रकार. संपादणूक रद्द, म्हणजे सगळे गुण गेले. म्हणजे उत्तरपत्रिका सापडली नसती तर मुलगी नापास, आणि सापडली तर मुलगी चोर. ब्लेड घेऊन खरवडायचं माझ्या मनात आलं. ब्लेड हातात घेतलंही. पण पान खरवडलेलं दिसलं की तीही खाडाखोड, तीही तिच्याच नावावर. ब्लेड खाली ठेवलं.

स्कूटरवर मी पुढे, मामा मागे, आणि आमच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत उत्तरपत्रिका, मामांनी पोटाशी धरलेली. पावस आलं, गोळप गेलं. एरवी या रस्त्यावर मी कुठे म्हैस, कुठे साप आडवा आणतो. त्या दिवशी काहीच आडवं आलं नाही. भाट्याच्या पुलावर मामा पहिल्यांदा बोलले. "भाऊसाहेब, बाईंना काय सांगणार?"

"खरं."

"खरं? तुम्ही?" मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही. पूल ओलांडेपर्यंत समुद्राकडे बघवलं नाही.

पाचला वीस मिनिटं असताना आम्ही बाईंच्या टेबलासमोर होतो. दारात गाडी उभी, ड्रायव्हर दोरी आवळत होता. बाईंनी उत्तरपत्रिका हातात न घेता नुसती बघितली.

"कुठे होती?"

"देवासमोर. नारळाखाली."

बाईंनी चष्मा काढला. "गेल्या वर्षी तुम्हाला उशीर झाला तेव्हा रस्त्यात बिबट्या बसला होता. त्याच्या आदल्या वर्षी भाट्याच्या पुलावर देवमासा बघायला गर्दी होती. या वर्षी देव."

"बाई, बिबट्या खोटा होता."

"आणि देवमासा?"

"तो लहान होता."

त्या हसल्या नाहीत. "या कुंकवाचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. कोऱ्या उत्तरपत्रिकेवरही कुंकू आहे, पण त्यावरून हे कोणी लावलं ते ठरत नाही. ते तिने लावलं नाही हे मी कशावरून धरू? तुमच्या शब्दावरून?"

उभ्या आयुष्यात मी इतक्या गोष्टी इतक्या माणसांच्या गळी उतरवल्या, आणि जी एकच खरी होती ती माझ्या तोंडून कोणालाच खरी वाटण्यासारखी नव्हती. मुलगी घरी असेल, आईला म्हणत असेल की सुटले. आणि तिचं सगळं माझ्या शब्दावर टांगलेलं, म्हणजे कशावरच नाही.

बाई मामांकडे वळल्या. "तुम्ही देवासमोर काय बोलता? बोला बघू."

मामांनी चपला काढल्या. त्या खोलीत देव नव्हता, म्हणून सील केलेल्या लोखंडी कपाटाकडे तोंड करून हात जोडले.

"हे बा देवा म्हाराजा, आज ह्या केंद्रावर लेकरा बसलीत."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. सवयीने.

"त्यांना आठवू दे. पेपर सोपा पडू दे."

"होय म्हाराजा." या वेळी दारातला ड्रायव्हरही म्हणाला.

"भरारी पथकाची गाडी हातखंब्यावरनाच माघारी वळू दे."

बाई स्वतः भरारी पथकात होत्या. मी 'होय म्हाराजा' फार हळू म्हटलं.

"आणि कुठे काय चूकभूल झाली, तर ती लेकरांच्या माथी नको. ती ह्या भाऊसाहेबांच्या माथी बसू दे."

इतकी वर्षं मी या माणसामागे उभा राहून होय म्हाराजा म्हणत आलो, आणि काय म्हणतोय ते एकदाही ऐकलं नव्हतं. मन पुढच्या उंदरात असायचं.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

बाईंनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "खुलासा लिहा."

पहिला लिहिला. त्यात वाऱ्याला वादळ म्हटलं होतं. बाईंनी फाडला. दुसरा लिहिला, त्यात वादळ नव्हतं पण खिडकीची काच फुटली होती. तोही फाडला. गाडी सुटायला सात मिनिटं उरली होती. तिसऱ्यांदा चार ओळी लिहिल्या. उत्तरपत्रिका देवासमोर ठेवण्याची प्रथा आमच्या ऑफिसात आहे. मी न बघता मोजलं. कुंकू आमच्याकडून लागलं. परीक्षार्थीचा यात काही संबंध नाही. खाली सही. आयुष्यात एवढं लहान मी काही लिहिलं नव्हतं.

बाईंनी तो कागद उत्तरपत्रिकेला टाचला, गठ्ठा पुन्हा शिवून घेतला. मोजताना त्यांनी पंचवीसच्या पंचवीस उलगडून बघितल्या, मी समोर उभा. गाडी सुटली.

निकालाच्या दिवशी सगळ्या वर्गाचा निकाल लागला, तिचा राखीव. ती खिडकीशी आली. मी म्हटलं, मशीन अडकलंय. चार दिवसांनी आली, म्हटलं, मुंबईहून एक कागद यायचाय. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हाताला मासळीचा वास होता. मग मी सगळं सांगितलं. वारा, नारळ, कुंकू, कपाटासमोरचं गाऱ्हाणं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "ही थाप आहे ना?"

"नाही गं."

तिने खिडकीचा गज धरला. मग म्हणाली, "म्हणजे माझा पेपर अडीच तास देवासमोर होता."

"होय."

"आणि त्याने एकही गणित नीट केलं नसेल. मी त्याच्या जागी असते तर दोन तरी केली असती." एवढं बोलून ती हसायला लागली, आणि हसता हसता खिडकीच्या गजावर डोकं टेकून रडली. माझ्याजवळ त्या वेळी सांगण्यासारखी एकही गोष्ट नव्हती. मी नुसता गजाच्या आतल्या बाजूला उभा राहिलो.

त्यानंतर मला सुनावणीला बोलावलं. तिथेही मी त्याच चार ओळी सांगितल्या. एका साहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? पुष्कळ होतं. नाही म्हटलं. पुढे दोन कागद एकाच टपालात आले. एक तिची गुणपत्रिका, गणितात एकोणचाळीस. दुसरा माझा, यापुढे परीक्षेच्या कोणत्याही कामात मला घेऊ नये. वर्षानुवर्षं मी या कामाला शिव्या घातल्या होत्या. तो कागद वाचून मला जेवण गेलं नाही.

ती आता रत्नागिरीत नर्सिंगला आहे. तिची आई कधी सुरमई घेऊन दारात येते, आणि मला सवलत देत नाही.

या मार्चला पहिल्या पेपरच्या सकाळी मला ऑफिसात पाऊल टाकायला बंदी. मी मागच्या खिडकीबाहेर, विहिरीच्या कडेला उभा होतो. फळीवर या वेळी नुसता नारळ. मामांनी नव्या चष्म्यातून एकदा खिडकीकडे बघितलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मी एकेक शब्द ऐकत होतो. लेकरं झाली, सोपा पेपर झाला, हातखंबा झाला. चूकभूल आली तेव्हा मी श्वास धरला. यंदा मी कामावर नाही, नवा लिपिक आहे, म्हटलं बघू आता कोणाचं नाव घेतात.

"ती भाऊसाहेबांच्याच माथी बसू दे," मामा म्हणाले.

आत कोणाला 'होय म्हाराजा' म्हणावं की नाही ते सुचेना. मीच म्हटलं, बाहेरून.